सोबत : एक

एका पत्राला उत्तर लिहायचं, एवढंच काम होतं. योगींनी ते एका रविवारी सकाळी हाती घेतलं आणि जेवणाआधी हातावेगळं करून टाकू असं ठरवलं. जेवणाआधी ते झालं नाही. पुढच्या सात आठवड्यांतल्या कुठल्याच जेवणाआधी ते झालं नाही, आणि शेवटी झालं ते असं झालं, की न झालेलं परवडलं असतं.

योगी हे त्यांचं खरं नाव नव्हे. योगी म्हणावं असं त्यांच्यात काही नव्हतंही. भूक लागली की ते चिडत, आणि रात्री एक डास कानाशी आला तर घर डोक्यावर घेत. ते वजनमाप खात्यात हेडक्लार्क होते. दुकानदारांचे तराजू आणि वजनं तपासायची आणि त्यांवर शिक्का मारायचा, हे त्या खात्याचं काम. पण वरच्या कचेरीशी सगळा पत्रव्यवहार इंग्रजीत चाले, आणि इंग्रजीत 'इन' कुठे, 'ऑन' कुठे आणि 'ॲट' कुठे हे त्या इमारतीत फक्त या एका माणसाला खात्रीनं कळे. मराठीत असल्या शब्दांना शब्दयोगी अव्यय म्हणतात. कुणा टवाळानं त्यातला योगी उचलून त्यांना चिकटवला, त्याला एकवीस वर्षं झाली. आता साहेबसुद्धा "योगींना दाखवून घ्या" असंच म्हणत.

त्यांच्या खिशात कायम एक लाल पेन्सिल असे. कुठलाही कागद समोर आला की ती आपोआप बाहेर येई. चुकलेल्या शब्दाभोवती गोल, आणि समासात बरोबर शब्द. सगळा कागद असा एकदा निवडून झाला, की मग ते तो वाचायला घेत. मजकूर काय आहे हे त्यांना नेहमी दुसऱ्या वाचनात कळे. कचेरीत यानं कुणाचं काही बिघडत नव्हतं. तराजूला कुठे वाईट वाटतं?

हे पत्र मात्र तराजूबद्दलचं नव्हतं. ते दूरच्या एका बंदरातून आलं होतं, परदेशी तिकिटाचं, आणि एका बाईनं लिहिलेलं होतं. योगींनी चष्मा पुसला, पेन्सिल काढली आणि वाचायला सुरुवात केली. पहिल्याच ओळीत 'बाय' होतं, तिथे 'ऑफ' हवं होतं. गोल. पुढे 'विथ' होतं, तिथे 'टू'. गोल. तिसऱ्या ओळीत 'ऑन', तिथे 'विथ'. असे सात गोल झाले. मग त्यांनी पत्र वाचलं.

पत्रात असं होतं : तुमचा धाकटा भाऊ तापानं गेला. नऊ दिवस ताप होता. माझं त्याच्याशी लग्न झालं होतं हे तुम्हाला माहीत असेल किंवा नसेल. तो तुमच्यावर कधी रागावलेला नव्हता. आता मी माझ्या आईच्या गावी जाणार. बारा आठवड्यांनी जहाज आहे. तिकीट काढण्याआधी विचारते, वाट वाकडी करून तुमच्या घरी येऊ का? तो ज्या खोलीत लहान होता तिथे एकदा बसायचं आहे. तुमचं पत्र आलं नाही, तर मी समजेन.

योगींचा पहिला गोल 'तापानं' मधल्या त्या 'बाय'भोवती होता.

त्यांची बायको भाजी निवडत होती. ती उठून मागे येऊन उभी राहिली. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण लाल रंग कळत होता.

"कुणाचं?"

योगींनी सांगितलं. बायको खाली बसली. बराच वेळ ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"आणि तुम्ही पेन्सिल फिरवलीत," ती म्हणाली.

"सवय आहे. मुद्दाम नाही."

"भाऊजींच्या पत्रावरही सवयच होती."

अकरा वर्षांपूर्वी धाकटा जहाजाच्या इंजिनखोलीत कामाला लागला. पहिल्या मुक्कामावरून त्यानं थोरल्याला मोठ्या हौसेनं इंग्रजीत पत्र लिहिलं. मराठी माणसानं मराठी माणसाला इंग्रजीत का लिहावं? दादाला दाखवायला, दुसरं काय. दादानं ते उलट टपाली परत पाठवलं. एकोणीस गोल, आणि खाली एक ओळ : 'लक्षपूर्वक वाचून सुधारित प्रत पाठवावी.' देवाशपथ सांगतो, त्या ओळीत मायाच होती. पण ती कचेरीच्या भाषेत निघाली. त्यानंतर धाकट्याचं पत्र आलं नाही. तो कुठे उतरला, होड्यांची इंजिनं दुरुस्त करायला लागला, परक्या देशातल्या एका धोबीखान्यात काम करणाऱ्या बाईशी त्यानं लग्न केलं, हे सगळं तिऱ्हाइतांकडून तुकड्यातुकड्यानं कळलं. थोरला म्हणे, सुधारित प्रत आल्याशिवाय मी कसं लिहू? दोघांच्या मध्ये एक प्रकरण प्रलंबित राहिलं.

पूर्वरंग एवढा पुरे. आता आख्यानाला लागू.

"लिहून टाका, या म्हणून," बायको म्हणाली. "ती बिचारी विचारतेय येऊ का. आपण म्हणायचं या."

"नुसतं या म्हणून इंग्रजीत पत्र होत नाही. आधी दुःख व्यक्त करावं लागतं."

"मग करा."

"तेच बघतोय. दुःख 'ॲट' करायचं, 'ओव्हर' करायचं की 'फॉर', हा प्रश्न आहे."

बायकोनं भाजीची परात उचलली आणि आत गेली.

आता योगींना दुःख झालं नव्हतं असं कुणी समजू नये. त्यांना ते इतकं झालं होतं, की धरायला कुठून धरावं हे कळत नव्हतं. रडणं त्यांना जमत नसे. मसुदा जमत असे. ते खिडकीशी टेबल ओढून बसले. त्या खिडकीची कडी लागत नसे. धाकटा जायच्या आदल्या दिवशी म्हणाला होता, "आल्यावर करतो दादा, पाच मिनिटांचं काम आहे." अकरा वर्षं त्या फटीत बायको कागदाची घडी खोचत आली होती. त्या रविवारी दुपारपर्यंत फटीत नवीन घडी बसली. योगींचा पहिला मसुदा.

दुसऱ्या मसुद्यावर शंका आली म्हणून ते वरच्या मजल्यावरच्या मास्तरांकडे गेले. मास्तर शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्यांच्यातली शाळा सुटली नव्हती. त्यांच्याकडे इंग्रजी व्याकरणाचा एक जाडजूड ग्रंथ होता. त्याची बांधणी केव्हाच गेली होती आणि तो सुतळीनं बांधून ठेवावा लागे.

मास्तरांनी सुतळी सोडली. "दुःख करणे या धातूला पाच अव्ययं लागतात," ते म्हणाले. "वस्तू गेली तर वेगळं, माणूस गेला तर वेगळं. कोण गेलंय?"

"भाऊ."

"म्हणजे माणूस." मास्तरांनी बोटाला थुंकी लावून पान उलटलं. "जवळचा की लांबचा?"

योगी सुटलेल्या सुतळीचा गुंता सोडवू लागले.

"अहो, पुस्तकात फरक केलाय म्हणून विचारतो. जवळचा की लांबचा?"

"सख्खा. पण अकरा वर्षं पत्रव्यवहार नव्हता."

मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. "मग कठीण आहे," ते म्हणाले आणि त्यांनी पुस्तक मिटलं. "आठ दिवस द्या. बघून ठेवतो."

मास्तरांनी आठ दिवस खरोखर बघितलं. आठव्या दिवशी त्यांनी सांगितलं, की तो नियम ज्या पानावर होता ते पान सुतळीतून कधीतरी निसटलं असावं. पण त्या आधीच्या पानावरून त्यांचा अंदाज 'ॲट'चा आहे. अंदाजावर पत्र पाठवायला योगी तयार नव्हते. माणूस एकदाच मरतो, त्यावर अंदाजपंचे कसं लिहायचं?

कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला हे कुठून कळलं देव जाणे. योगी खोकल्याचं औषध आणायला गेले तेव्हा त्यानं बाटली हातात न देताच विषय काढला. "मास्तरांचं ऐकू नका," तो म्हणाला. "मी रोज परदेशी बाटल्या वाचतो. मरणाला 'आफ्टर' लावा, कधी चुकत नाही. आमच्याकडे सगळं 'बिफोर' नाहीतर 'आफ्टर'. तिसरं काही नाहीच."

"हे औषध नव्हे."

"तत्त्व तेच आहे हो. काय झालं होतं त्यांना?"

"ताप."

"किती दिवस?"

योगींनी तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. आकडा पत्रात होता. ते पत्र त्यांनी आत्तापर्यंत चाळीसएक वेळा उघडलं होतं. त्यातले सातही गोल कुठल्या ओळीत आहेत हे ते डोळे मिटून सांगू शकले असते. दिवस किती ते आठवेना.

"घरी बघून सांगतो," ते म्हणाले. औषध न घेताच ते घरी आले, कपाट उघडलं, पत्र काढलं. नऊ. त्यांनी तो आकडा मनात तीनदा म्हटला. मग खुर्चीवर बसून राहिले. बायकोनं दिवा लावला तेव्हाही ते तसेच बसले होते, खोकत.

"औषध?"

"नऊ दिवस," योगी म्हणाले.

बायको चुलीकडे वळली. तिनं पाणी तापायला ठेवलं.

असे तीन आठवडे गेले. खिडकीच्या फटीत इतके मसुदे बसले, की वारा येणं जवळजवळ थांबलं. बायको रोज सकाळी एकच प्रश्न विचारी, "गेलं का?" आणि योगी रोज म्हणत, "जवळजवळ." चौथ्या आठवड्यात त्यांनी ठरवलं, की हे काम घरी होणारं नाही. घरी शिस्त नाही. कचेरीत टायपरायटर आहे, टाइप केलेल्या पत्राला मान असतो. शिवाय कचेरीत साहेब आहेत, ते सहा महिने परदेशी शिकून आलेले. योगींनी स्वतःच्या पैशानं एक कोरी फाइल आणली, तिच्यात बाईचं पत्र लावलं, वर मसुदा ठेवला, आणि ती साहेबांपुढे सरकवली. खासगी काम असलं तरी रीत ती रीत.

फाइलीच्या आतल्या कप्प्यात त्यांनी एक फोटोही ठेवला. दोन मुलगे त्या खिडकीत बसले आहेत, मोठ्याच्या हातात पुस्तक आणि धाकट्याच्या हातात खिडकीची निघालेली कडी. ती कडी मुळात त्यानंच खेळता खेळता उपटली होती. फोटो पाठवायची कल्पना बायकोची. "येईल न येईल, निदान खोली तरी दिसेल तिला," ती म्हणाली होती. म्हणून योगींनी मसुद्याच्या तळाशी, जिथे लिहायचं असतं तिथे, लिहिलं : 'सोबत : एक'.

साहेबांनी फाइल अकरा दिवस ठेवून घेतली. कुणाचीही फाइल तीन दिवसांच्या आत परत देणं त्यांना पदाला शोभणारं वाटत नसे. परत आली तेव्हा मसुद्यातली तिन्ही अव्ययं त्यांनी बदलली होती आणि शेजारी लिहिलं होतं, 'चर्चा करावी'. योगी चर्चेला गेले. साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तिकडे असं म्हणत नाहीत हो, योगी. तिकडे दुःखसुद्धा जरा लांबून करतात."

"होय साहेब."

"आणि हे 'कृपया यावे' फार उघडं वाटतं. ते जरा झाकून लिहा."

योगींनी झाकून लिहिलं. सहा दिवसांनी फाइल पुन्हा आली. साहेबांनी तिन्ही अव्ययं पुन्हा बदलून मूळची केली होती आणि लिहिलं होतं, 'हे अधिक बरे'. खाली आद्याक्षरांची सही. योगींना एकीकडे अपमान वाटला आणि दुसरीकडे मंजुरी मिळाल्याचा आनंद झाला. इतक्या वर्षांच्या नोकरीत या दोन गोष्टी त्यांना वेगवेगळ्या अशा क्वचितच मिळाल्या होत्या.

मग फाइल जावकबाईंकडे गेली. कचेरीतून बाहेर जाणारं प्रत्येक पत्र टाइप करणं, पाकिटात घालणं आणि जावक वहीत चढवणं हे त्यांचं काम, म्हणून त्या जावकबाई. त्यांच्या हातून एकवीस वर्षांत एक पत्र चुकीच्या पत्त्यावर गेलं नव्हतं. त्यांनी टाइप केलं, योगींनी सही केली. योगींनी ते सहीआधी चार वेळा वाचलं. एक टिंब इकडचं तिकडे नव्हतं. सातवा आठवडा चालू होता. टपालाला दोन आठवडे धरले तर जहाजाआधी पत्र हातात पडायला हरकत नव्हती. त्या संध्याकाळी बायकोनं "गेलं का?" विचारलं आणि योगी म्हणाले, "गेलं." त्या रात्री ते खोकले नाहीत.

चौथ्या दिवशी जावकबाई त्यांच्या टेबलाशी आल्या. हातात फोटो होता.

"योगीसाहेब, हा कुठल्या प्रकरणातला? रिकाम्या फाइलीच्या कप्प्यात राहिलाय."

योगींनी फोटोकडे पाहिलं.

"हा सोबत जायचा होता."

"सोबत गेलंय की. एक."

"काय गेलं?"

"संदर्भपत्र." जावकबाईंना प्रश्नच कळेना. "तुमच्या पत्रात पहिल्या ओळीत लिहिलंय, आपल्या अमुक तारखेच्या पत्राच्या संदर्भात. खाली लिहिलंय, सोबत एक. फाइलीत तेवढं एकच पत्र होतं. मी टाचणी मारून लावलं. एकवीस वर्षं तेच लावतेय, तुम्हीच शिकवलंत."

खरं होतं. त्यांनीच शिकवलं होतं.

म्हणजे आता काय झालं होतं, हे योगी हळूहळू स्वतःला सांगू लागले. एका बाईनं नवरा गेल्याचं कळवलं होतं. इतक्या आठवड्यांनी तिला एक टाइप केलेलं पत्र मिळणार होतं, आणि त्याला टाचणीनं लावलेलं तिचंच पत्र, सात लाल गोलांसकट. पहिला गोल तापाभोवती. समासात बरोबर शब्द, स्वच्छ अक्षरात.

"तुमचं काही चुकलं नाही," ते जावकबाईंना म्हणाले आणि टोपी न घालताच बाहेर पडले.

टपालकचेरीतला खिडकीवरचा कारकून सावकाश माणूस होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"टाकलेलं पत्र परत मिळत नाही," तो म्हणाला.

"कुठलाच मार्ग नाही?"

"अर्ज करता येतो. दोन प्रतींत. कारण लिहावं लागेल."

योगींनी तिथेच उभ्यानं, दोरीनं बांधलेल्या पेनानं अर्ज लिहिला. इंग्रजीत. कारण या रकान्यापाशी ते थांबले, मग 'चुकीचा कागद जोडला गेल्यामुळे' असं लिहिलं. चूक कुणाची हे विचारलेलं नव्हतं. कारकुनानं अर्ज वाचला, पुन्हा वाचला, आणि शेजारच्या माणसाला दाखवला.

"बघ, असा अर्ज लिहितात," तो म्हणाला. मग योगींकडे वळून म्हणाला, "थैली परवाच गेली, साहेब. आता ती जहाजावर असेल. पण अर्ज ठेवून घेऊ का? नव्या माणसांना दाखवायला."

योगींनी अर्ज ठेवू दिला. नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो.

घरी त्यांनी बायकोला सांगितलं. ती रागावेल असं त्यांना वाटलं होतं. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त फोटो त्यांच्या हातातून घेतला, पदरानं पुसला, आणि देवाच्या फळीवर ठेवून दिला.

"दोघांनाही एकच वागणूक दिलीत," ती म्हणाली. "पंक्तिप्रपंच नाही केलात."

पुढचे आठवडे कसे गेले हे सांगण्यासारखं नाही. मास्तर जिन्यात भेटले की विचारत, "काय ठरलं शेवटी? 'ॲट' ना?" औषधवाला लांबूनच बोट वर करून "आफ्टर" म्हणे. कचेरीत कागद येत होते, योगी पेन्सिल काढत आणि काही वेळा ती तशीच परत ठेवत. एका दुकानदाराच्या तक्रारअर्जात चार चुका राहून गेल्या आणि त्या तशाच वर गेल्या. साहेबांनी जावकबाईंना बोलावून विचारलं, की योगींची तब्येत बरी आहे ना. जहाजाची तारीख आली. त्या दिवशी योगी संध्याकाळी कचेरीतून थेट घरी आले आणि दाराकडे तोंड करून बसले. दार कुणी वाजवणार नाही हे त्यांना कळत होतं. बायकोनं तरीही तिसरं ताट मांडलं, आणि मग आपणच ते उचललं.

दार वाजलं त्यानंतर पाच आठवड्यांनी. पोस्टमन होता, आणि त्याच्या खांद्यावर एक लहान लाकडी पेटी होती, दोरीनं आवळलेली.

योगींनी दोरी सोडली. वर पत्र होतं. त्यांचा हात खिशाकडे गेला, आणि बायकोनं तो हात धरला. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं असा हात धरल्याचं योगींना आठवत नव्हतं.

"मोठ्यानं वाचा," ती म्हणाली. "मराठीत सांगत सांगत."

योगी वाचू लागले. "ती म्हणतेय, तुमचं पत्र मी निघायच्या दिवशी सकाळी आलं. तिकीट झालेलं होतं. दुसरं काढता आलं नाही. ती म्हणतेय, तुमचं पत्र फार चांगलं आहे. शब्द मोठे आहेत. मी ते तीन वेळा वाचलं, पण येऊ की नको, ते मला त्यात सापडलं नाही."

योगींनी पान उलटलं.

"ती म्हणतेय, मग मागचा कागद बघितला. माझं पत्र. लाल गोल. आणि मला हसू आलं, आणि मग रडू आलं. कारण असा एक कागद आमच्या घरी भिंतीवर होता. एकोणीस गोलांचा. तुमच्या भावाला माझी भाषा येत नव्हती, मला त्याची येत नव्हती, म्हणून त्यानं मला इंग्रजी शिकवलं, तो कागद समोर ठेवून. तो म्हणायचा, माझं पत्र शेवटच्या टिंबापर्यंत वाचणारा जगात एकच माणूस आहे. तुमचे गोल बघून कळलं, की माझंही तुम्ही शेवटपर्यंत वाचलंत. येऊ का नको, ते मी आता विचारत नाही. आता मी लांब आहे. पेटी पाठवते. खाली आईच्या गावचा पत्ता आहे."

पेटीत एक पाना होता, मुठीपाशी झिजून गुळगुळीत झालेला. त्याखाली भिंतीवरून काढलेला तो कागद, चार कोपऱ्यांना खिळ्यांची भोकं. आणि त्याखाली एक पुडकं. योगींनी ते सोडलं. अकरा पत्रं होती, सगळी त्यांनाच लिहिलेली, सगळी इंग्रजीत, वर्षाला एक. एकही टपालात टाकलेलं नव्हतं.

त्यांनी पहिलं उघडलं. तो एकोणीस गोलांचा मजकूरच होता, सुधारून स्वच्छ अक्षरात उतरवलेला. सुधारित प्रत. दुसऱ्या वर्षाची त्याहून स्वच्छ. मग मजकूर थोडाथोडा बदलत गेला. मी बरा आहे. इंजिनं जुनी आहेत. वहिनीचा गुडघा कसा आहे? माझं लग्न झालं. ती चांगली आहे, तिला हसायला फार आवडतं. खिडकीची कडी लागते का? प्रत्येक पत्रात कडी होती. योगींनी अकराही पत्रं वाचली, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना मजकूर पहिल्याच वाचनात कळत गेला. शेवटच्या पत्राच्या मागे धाकट्यानं पेन्सिलीनं मराठीत दोन वाक्यं लिहिली होती, बहुधा स्वतःसाठीच : 'अजून एखादी चूक असणार. दादाला लगेच दिसेल.'

म्हणून ते टाकलं नव्हतं. त्याच्या आधीची दहाही म्हणूनच टाकली नव्हती.

योगींनी ती ओळ पुन्हा वाचली. मग ते ज्या आवाजात रडले तो त्यांच्या बायकोला ओळखीचा नव्हता. खोकल्यासारखा होता, पण खोकला नव्हता. तिनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि थोड्या वेळानं काढून घेतला, कारण तिला स्वतःचे डोळे पुसायचे होते.

"उत्तर कधी लिहिताय?" तिनं विचारलं.

"आत्ता." योगी उठले. देवाच्या फळीवरचा फोटो त्यांनी खिशात घातला. लाल पेन्सिल टेबलावर राहिली.

टपालकचेरी बंद व्हायला आली होती. सावकाश कारकुनानं त्यांना ओळखलं. "तुमचा अर्ज भिंतीला लावलाय," तो म्हणाला. "आज काय?"

"एक परदेशी पाकीट. आणि कागद."

"थैली बांधतायत, साहेब. दहा मिनिटं. उद्या निवांत लिहून आणा ना."

"दहा मिनिटं पुरे."

त्यांनी उभ्याउभ्या, दोरीच्या पेनानं लिहिलं. तुमचं पत्र मिळालं, त्याची पत्रंही मिळाली. तुम्ही या. कधीही या. पुढच्या वर्षी या, त्याच्या पुढच्या वर्षी या. कडी अजून लागत नाही. त्याचा पाना आला आहे, पण मला तो धरता येत नाही. माझी बायको तुमच्यासाठी ताट मांडते. तिचा गुडघा बरा आहे. मी त्याच्यावर रागावलो नव्हतो. खाली 'सोबत' वगैरे काही लिहिलं नाही. फोटो आत सरकवला, पाकीट जिभेनं चिकटवलं आणि खिडकीतून आत दिलं.

"एकदा वाचून बघायचं होतं," कारकून म्हणाला. "तुमच्यासारख्यानं."

"नको."

थैलीचं तोंड त्यांच्या देखत बांधलं गेलं.

योगी पायीच निघाले. दिवे लागत होते. पहिल्या वळणावर त्यांना एक चूक आठवली. रागावण्याच्या पुढे 'ऑन' लिहिलं गेलं होतं. त्यांनी मागे वळून पाहिलं, पण टपालकचेरीचं दार लागलेलं होतं. औषधाच्या दुकानापाशी दुसरी आठवली. जिन्याच्या पायथ्याशी तिसरी, आणि वर दाराशी, कडीला हात घालताना, चौथी.

चारही त्या अकरा वर्षांपूर्वीच्या पत्रातल्या होत्या. चारही धाकट्याच्याच होत्या.